आर्लिस बोलायची थांबली की

आर्लिस हाउगनसमोर पत्ते खेळायला बसायचं तर कानांची तयारी ठेवूनच बसावं लागतं. बाई पत्ते पिसताना बोलते, वाटताना बोलते, स्वतःची पानं उचलून बघतानाही बोलते. ज्येष्ठांच्या निवासातल्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी चौघींचा डाव बसतो, त्यातल्या दोघी कानातली यंत्रं काढून पर्समध्ये ठेवतात आणि मगच खुर्ची ओढतात. "अगं, मध्ये श्वास तरी घे," असं कुणीतरी म्हणतंच. आर्लिस हसते आणि पुढचं वाक्य सुरू करते. वय एक्क्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, पण हात असे चालतात की बघत बसावं. सगळ्यांना वाटतं, जन्मभर कॅसिनोत पत्ते वाटले, तिथेच जिभेला खोड लागली असणार. खोड कसली! तिनं ती हट्टानं लावून घेतली आहे, आणि का लावून घेतली ते आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे. एक तिची बहीण, ती गेली. दुसरं कोण ते जाऊ द्या.

ती मूळची नॉर्थ डाकोटाची. एकसष्ट साली घटस्फोट घ्यायला नेवाडातल्या रीनोला आली. तेव्हा सगळेच त्यासाठी यायचे. सहा आठवडे इथे मुक्काम केला की कोर्ट मोकळं करायचं. तेवढे दिवस काढायचे म्हणून ती एका कॅसिनोत पत्ते वाटायला शिकली. कागद हातात पडले तोवर परत जाण्यासारखं तिकडे कुणी उरलं नव्हतं, म्हणून राहिली. वर्षं भराभर गेली, टेबल तेच राहिलं. सकाळची पाळी, एकच कॅट, हातातून वाटायचा.

ब्लॅकजॅक काही अवघड खेळ नाही. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की संपलात. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकाचा किंवा अकराचा. पत्ते वाटणाऱ्या डीलरला मात्र डोकं चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत त्यानं पान ओढायचंच, सतरा झाले की थांबायचंच. आता समजा कॅटमध्ये राजे, राण्या, गुलाम, दश्श्या आणि एक्के जास्त उरलेत. ते खेळणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. एक्का आणि दहाचं पान एकदम आलं तर त्याला दीडपट मिळतात, आणि पंधरा-सोळावर अडकलेला डीलर मोठं पान ओढून बुडतो. उलट दुर्री ते छक्की उरल्या असतील तर डीलरचं फावतं. म्हणून मोजणारा माणूस काय करतो, की लहान पान टेबलावर दिसलं की मनात एक वाढवतो, मोठं दिसलं की एक कमी करतो, आणि सत्ती-अठ्ठी-नव्वीकडे ढुंकूनही बघत नाही. आकडा चढला, याचा अर्थ लहान पानं निघून गेली आणि मोठी अजून आत आहेत. मग पैसे वाढवायचे. आकडा उतरला की गुपचूप दोन डॉलरवर यायचं. बस, एवढंच. लोकांना वाटतं अख्खा कॅट पाठ करावा लागतो. छे हो, तिसरीतल्या पोराला येते एवढीच बेरीज-वजाबाकी आहे, फक्त ती तासन् तास न चुकता, गप्पा मारत आणि चेहऱ्यावर काही न दाखवता करायची असते. भलेभले तिथेच आपटतात.

नेवाडात हा गुन्हा नाही. डोकं वापरलं म्हणून पोलीस धरत नाहीत. पण दार मालकाचं असतं, आणि मालक 'चालते व्हा' म्हणाला की उठायचं. त्यात एकदा का फोटो कॅसिनोवाल्यांच्या मोजणाऱ्यांच्या वहीत चिकटवला गेला, की गावातल्या सगळ्या दारांशी तो पोचतो, आणि मग त्या माणसाला रीनोत पत्ते बघायलाही मिळत नाहीत.

तर ही आर्लिस मोजायची. मुद्दाम नाही. जिना चढताना पायऱ्या आपोआप मोजल्या जातात ना, तसं. वीस वर्षं तीच बावन्न पानं हातातून जातायत, हात आपले आपण चालतायत, मग डोक्यानं करायचं काय? आकडा आत कुठेतरी चढत-उतरत राहायचा आणि वरून तिची बडबड चालू असायची. बहिणीचा बॉयलर, शेजारणीचं मांजर, पूर्वीच्या नवऱ्याच्या टोप्या. गिऱ्हाइकांशी गोड बोलावं अशी कॅसिनोची अपेक्षा असते, पण आर्लिस अपेक्षेच्या बरीच पुढे जायची.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात मात्तिन अराम्बीद तिच्या टेबलावर यायला लागला. डोंगरातला निवृत्त मेंढपाळ, फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या बास्क लोकांपैकी. फ्रान्सच्या बाजूच्या खेड्यातून सेहेचाळीस साली आलेला. तीस-पस्तीस उन्हाळे त्यानं मेंढ्या, दोन कुत्री आणि एक तंबू एवढ्यावर काढले होते, आणि आता रेल्वेरुळांशेजारच्या बास्क खानावळीच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहत होता. मंगळवारी आणि गुरुवारी, अकराच्या सुमाराला, तिच्याच टेबलाची शेवटची खुर्ची. टोपी काढून खुर्चीखाली ठेवायचा, काळी कॉफी मागवायचा, दोन डॉलर पुढे सरकवायचा आणि तिचं बोलणं ऐकायचा. खरंच ऐकायचा हं. मांजराची गोष्ट मंगळवारी अर्धी राहिली असली तर गुरुवारी विचारायचा, सापडलं का ते.

स्वतः फार बोलायचा नाही. एकदा तिनंच विचारलं, दोन हजार मेंढ्या रोज संध्याकाळी मोजायच्या म्हणजे वेड लागत नाही का. तो म्हणाला, कोण मोजतंय! शंभर पांढऱ्यांमागे एक काळी ठेवायची. वीस काळ्या दिसल्या की झोपायला मोकळं. आर्लिसला ते इतकं आवडलं की घरी जाऊन बहिणीला फोन करून सांगितलं. बहीण म्हणाली, "तुझं काहीतरी बिनसलंय गं." बिनसलं कसलं, एक्कावन्नाव्या वर्षी बाई मंगळवारची ओठांना लाली लावायला लागली होती.

जुलैत तो म्हणाला, वर डोंगरात पिंपळासारख्या सळसळत्या पानांची झाडं आहेत, त्यांच्या पांढऱ्या सालीवर सगळ्या मेंढपाळांनी नावं कोरली आहेत, माझंही आहे. "सप्टेंबरात पानं पिवळी होतात. तेव्हा जाऊ. दाखवीन तुम्हाला." गिऱ्हाइकाबरोबर बाहेर हिंडायला डीलरला परवानगी नसते, म्हणून ती नुसतं "बघू" म्हणाली. पण त्याच शनिवारी डोंगरात चालायचे बूट घेऊन आली, आणि पेटीतून काढून दोनदा घरातल्या घरात घालून बघितले.

आता पुढचं सांगायचं म्हणजे माझ्याच जिवावर येतं.

ऑगस्टमधला गुरुवार होता. आर्लिस बहिणीच्या मुलाच्या लग्नाचं सांगत होती. लहान पानं लागोपाठ गेली, डोक्यातला आकडा चारवर चढला, आणि मात्तिननं दोनच्या जागी दहा डॉलर ठेवले. असं तो मधूनच आधीही करायचा, पण तिचं लक्ष त्या दिवशी गेलं. डाव त्यानं जिंकला. पुढे आकडा उतरला, तो दोनवर आला. पुन्हा चढला, पुन्हा दहा. मग तासभर तिनं दुसरं काही केलं नाही, नुसतं ताडून बघितलं. तिचा आकडा वर जायचा, त्याच्या चिप्स, म्हणजे पैशांच्या चकत्या, वर जायच्या. तिचा खाली, त्याच्या खाली. एवढं बरोबर तर ती स्वतःही खेळली नसती.

त्याचं बाकीचं खेळणं म्हणजे आनंद होता. दोन दश्श्या आल्या की फोडून दोन वेगळे डाव करायचा, जे शहाणा माणूस करत नाही. डीलरचा एक्का दिसला की त्याचे एकवीस होतील या भीतीनं निम्मी रक्कम विम्याला लावता येते; आकडा चढलेला असताना मोजणारा ती लावणारच, हा कधी लावत नव्हता. एखाद्या साध्या माणसानं यावरून ओळखलं असतं की याला खेळातलं काही कळत नाही. पण आर्लिस साधी कुठे राहिली होती? वीस वर्षं कॅसिनोत काढलेली. तिथे शिकवतात की पक्का मोजणारा मुद्दाम चुका करतो, तुम्हाला गाफील ठेवायला. म्हणजे जितका गाढवपणा जास्त, तितका माणूस पोचलेला. तिला सगळं लख्ख दिसलं. कॉफी, टोपी, मांजराची चौकशी, सगळं सोंग. आणि ती खुळी लाली लावून येत होती. तो तिच्यासाठी येत नव्हता, तिच्या हातातल्या कॅटसाठी येत होता.

कुणी तिला विचारलं नव्हतं, कुणी संशय घेतला नव्हता. तासाभरानं सुट्टी झाल्यावर ती आपल्या पायांनी पिट बॉसकडे, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याकडे, गेली. लाइल त्याचं नाव, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पँटला कडक इस्त्री. त्याला तिनं सांगितलं, "शेवटच्या खुर्चीवरचा म्हातारा मोजतोय." लाइलला हसूच आलं. मेंढ्या ना, म्हणाला. ती म्हणाली, वर कॅमेऱ्यांच्या खोलीत सांग, टेप बघा म्हणावं.

वरच्यांनी तीन दिवसांच्या टेप बघितल्या. छतातले कॅमेरे पानं दाखवतात, चिप्स दाखवतात. चाळीस वेळा त्यानं रक्कम वाढवली होती, त्यात छत्तीस वेळा अगदी बरोबर. वरचा माणूस म्हणाला, इतका सफाईदार गडी मी पाच वर्षांत बघितला नाही, आणि चुका तर कसल्या बेमालूम करतो. लाइलनं येऊन आर्लिसच्या पाठीवर थाप मारली. तिला बरं वाटलं. तेही तिनं लपवलं नाही मला सांगताना. बरं वाटलं म्हणाली.

मंगळवारी अकरा वाजता मात्तिन बसला, टोपी खाली ठेवली, आणि कॉफी यायच्या आत लाइल दोन रखवालदार घेऊन मागे उभा राहिला. आवाज चढवला नाही. आपला खेळ आम्हाला झेपत नाही, यापुढे इथे येऊ नका, आलात तर पोलिसांना बोलवावं लागेल. तो पाठ केलेला मजकूर सगळ्यांना तसाच म्हणून दाखवतात. मात्तिनला निम्मं कळलं नाही. त्यानं लाइलकडे बघितलंच नाही, आर्लिसकडे बघितलं.

नेमकी तेव्हाच तिला सोडवायला दुसरी डीलर आली. टेबल सोडताना डीलरनं दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून वर करून दाखवायचे असतात, हातात काही लपवलेलं नाही हे छतातल्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. आर्लिसनं हजारो वेळा केलं होतं, तेव्हाही केलं. टाळी, तळहात वर, आणि मागे न बघता निघून गेली. परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि खुर्चीखाली टोपी तशीच होती.

ती टोपी तिनं घरी नेली आणि बुटांच्या पेटीवर ठेवली. सप्टेंबर आला आणि गेला. राग मात्र उतरेना. ऑक्टोबरच्या शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिनं टोपी उचलली आणि दुपारी बारा वाजता रुळांपलीकडच्या खानावळीत जाऊन उभी राहिली. टोपी परत करायची हे निमित्त. तिला त्याला चार शब्द सुनवायचे होते.

तिथे एकाच लांब टेबलावर सगळे जेवतात. सूप, घेवड्याची उसळ, मटणाचा रस्सा, मधोमध वाइनच्या बाटल्या. मात्तिन टोकाला बसला होता, आणि त्याच्यामागे भिंतीशी तळघरातून काढून आणलेली एक जड बॅग होती. तिला बघून तो ताडकन उठला. शेजारची खुर्ची ओढली, स्वतःच्या हातानं तिच्या वाडग्यात सूप वाढलं. मग म्हणाला, शुक्रवारी गावी निघालोय. बहीण आहे तिकडे, एक खोली रिकामी आहे.

आर्लिसनं टोपी टेबलावर ठेवली आणि सरळ विचारलं, "इतकं सफाईनं मोजायला शिकलात कुठे?"

"काय मोजायला?"

"पत्ते."

तो हसला. तिला वाटलं होतं चोर पकडल्यावर हसतो तसा हसेल, पण तो तिचा विनोद आवडल्यासारखा हसला. म्हणाला, बाई, मला मेंढ्या मोजता आल्या नाहीत म्हणून काळ्या ठेवाव्या लागल्या, पत्ते काय मोजणार?

"मग पैसे कशावरून वाढवायचात? उगाच का दहा ठेवायचात मध्येच?"

यावर तो अवघडला. वाडग्यात चमचा फिरवत बसला. मग म्हणाला, "तुम्ही बोलता बोलता एकदम गप्प व्हायचात. मला वाटायचं, कंटाळल्या माझा. दोन डॉलर लावणाऱ्या म्हाताऱ्यासमोर कोण किती वेळ उभं राहील? म्हणून जरा जास्त ठेवायचो. मग तुमचं परत सुरू व्हायचं."

आर्लिसचा चमचा तसाच हातात राहिला. आकडा चढला की ती गप्प व्हायची! तिला हे आजवर ठाऊक नव्हतं. मोठी पानं आता येणार, कशी येतात बघू, म्हणून जीभ आपोआप थांबायची. मोठी पानं येऊन गेली, आकडा उतरला, की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू. छत्तीस वेळा. वरच्या टेपला आवाज नसतो, वरच्यांना हे कुठून कळणार? पण टेबलावर उभी तर ती स्वतः होती. तो पत्त्यांकडे बघतच नव्हता. मोजणारी तीच होती, आणि मोजतो म्हणून त्याला कॅसिनोबाहेर काढलं.

मात्तिन सांगतच होता, हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असा. "त्या दिवशी तुम्ही हात झटकून दाखवलेत, तेव्हा कळलं मला. पण बाई, तुम्हीच सांगितलं असतंत ना, नका येऊ म्हणून, तर मी आपणहून उठलो असतो. त्या माणसांची गरज नव्हती."

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की मला तुमचा कंटाळा कधीच आला नव्हता. बूट आणून ठेवलेत, म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं तर आधी हे सांगणं भाग होतं, की तुमचं नाव मी दिलं, माझ्या पायांनी चालत जाऊन दिलं. तिच्या डोक्यात एप्रिलपासूनचे सगळे मंगळवार आणि गुरुवार सरकायला लागले. कुठे वाक्य तुटलं, कुठे दहा डॉलर आले, कुठलं मांजर, कुठलं लग्न. ती एकेक जुळवत बसली, आणि जुळवताना जे व्हायचं तेच झालं. ती गप्प झाली.

मात्तिननं वाट बघितली. अर्धी वाइन संपेपर्यंत बघितली. मग त्यानं खिशातून नोटा काढल्या, तिच्या जेवणाचे पैसे तिच्या ताटाशेजारी ठेवले. थोडा थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि आणखी एक दहाची नोट वर ठेवली. टोपी डोक्यावर चढवली. "सावकाश जेवा, बाई," म्हणाला आणि बॅग उचलून जिन्याकडे गेला.

ऊठ ना गं बाई! मी हे ऐकताना खरोखर ओरडले तिच्यावर. जिना दहा पावलांवर, माणूस साठीचा, हातात जड बॅग, किती वेगानं जाणार होता तो? पण आर्लिस बसून राहिली. त्याच्या पायऱ्या तिनं मोजल्या. सतरा. मग वर दार लागलं.

शुक्रवारी तो गेला. खानावळीच्या मालकिणीनं पत्ता दिला. आर्लिसनं किती पत्रं सुरू केली त्याची गणती तिलाही नाही. शेवटी जे टाकलं त्यात हवेबद्दल लिहिलं होतं आणि मांजर पुन्हा हरवल्याचं. नाताळात त्याचं गावाच्या चित्राचं कार्ड आलं. पाऊस आहे, मेंढ्या इकडच्या लहान असतात, मांजर सापडेल. तिनं उत्तर लिहायला घेतलं आणि खरं लिहायचं म्हणून लांबवलं. मार्चमध्ये मालकिणीकडे त्याच्या बहिणीचं पत्र आलं, छातीत कळ येऊन गेला म्हणून. पुढच्या सप्टेंबरात आर्लिस ते बूट घालून एकटी डोंगरात गेली. झाडं पिवळी होती आणि शेकडो सालींवर शेकडो नावं होती. कुठल्या ओढ्याकाठची झाडं, हे विचारायचंच राहिलं होतं. अंधार पडायच्या आत ती खाली आली.

परवाच्या बुधवारी डावात एक नवी बाई आली होती. तिला नियम ठाऊक नव्हते, आणि आर्लिसही ठाऊक नव्हती. अर्ध्या तासानं कंटाळून म्हणाली, "तुम्ही सारख्या बोलता, समोरच्याला कंटाळा येईल असं वाटत नाही का हो तुम्हाला?"

"त्याला आला तर येऊ दे," आर्लिस म्हणाली. "मला आलाय असं त्याला वाटायला नको."

नव्या बाईला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मी माझ्या पानांकडे बघितलं. डाव संपला तसा आर्लिसनं कॅट पिसायला घेतला आणि बहिणीच्या त्या जुन्या बॉयलरचं काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागली.